शाळेच्या दारावरची फुली

मी आयुष्यात एकच इमारत अशी काढली, जिच्या मुख्य दारातून आत जायला माणसाला वाकावं लागे, आणि तेही तिरकं. ते देऊळ नव्हतं, शाळा होती. दाराच्या तोंडावर लोखंडाची भलीमोठी फुली. एका खांबाच्या डोक्यापासून दुसऱ्याच्या पायापर्यंत. मास्तर चुकलेल्या गणितावर मारतात तशी. फरक इतकाच, की ही फुली माझ्या गणितावर मी स्वतःच मारली होती.

चूक माझी. पेन्सिल माझी, पट्टी माझी. दुसऱ्या कुणावर ढकलता येते का, हे मी त्या वेळी बघितलं होतं, नाही असं नाही. पण जमलं नाही. मात्र ती फुली काढली याबद्दल मी तेव्हा माफी मागितली नाही आणि आजही मागणार नाही. चुकीच्या जागी काढली, एवढंच काय ते माझं पाप. काढली ते बरोबरच होतं.

तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो. स्वातंत्र्याला आठ-नऊ वर्षं झाली होती. मुंबईहून डिप्लोमा घेऊन आलेलो, त्यामुळे जगातलं सगळं लोखंड आपल्याला विचारून उभं राहतं असा समज. बदलापूरहून सायकल हाणत अंबरनाथला जायचो. मोरिवलीच्या अलीकडे लोखंडी शेड बनवणारा एक कारखाना होता, तिथे नकाशे काढायचं काम. नकाशाघराचे प्रमुख म्हणजे आमचे साहेब. मोठे हुशार गृहस्थ, पण बोलताना समोरच्याकडे न बघता कागदावरची खोडरबराची पूड फुंकत बोलायचे. आपणही त्या पुडीतलेच एक, असं वाटायचं.

उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये निर्वासितांची एक शाळा होती. लष्कराच्या जुन्या बरॅकीत भरायची. त्यांना एक मोठा हॉल हवा होता. शाळा सुटली की सभा, सभा सुटली की लग्न, असा त्यांचा बेत. आमच्या कारखान्याने लोखंडाचा सांगाडा द्यायचा. विटा आणि दारं-खिडक्या कॅम्पातला एक ठेकेदार करणार. त्यामुळे नकाशेही दोन. लोखंडाचा आमचा, दारांचा त्याचा. आणि आमच्या ऑफिसचा रिवाज असा, की दुसऱ्याच्या नकाशात नाक खुपसायचं नाही. नाक खुपसलं की जबाबदारी चिकटते. ठेकेदाराचा नकाशा आमच्या कपाटात गुंडाळी करून पडलेला होता. मी त्याची सुतळीसुद्धा सोडली नाही.

पहिला नकाशा मी दोन दिवसांत काढला आणि वर्कशॉपमध्ये नेला. तिथले मोठे मिस्त्री सिंधी होते. साठीच्या घरातले, भट्टीपुढे उभं राहून भुवया जळलेले. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. सिंधी, हिंदी आणि मराठी यांची खिचडी करून बोलायचे, पण ती खिचडी पोटभर असायची. कॅम्प दोनमध्येच त्यांची बरॅक. त्यांच्याबद्दल सगळ्यांना ठाऊक असलेली एक गोष्ट म्हणजे ते छपराखाली झोपत नसत. थंडी असो, उन्हाळा असो, खाट अंगणात. पावसाळ्यात चार बांबूंवर ताडपत्री बांधून तिच्याखाली. शेजारी म्हणायचे, म्हाताऱ्याला उकडतं.

चाचांनी नकाशा बघितला, उलटा करून बघितला, मग पुन्हा सुलटा.

"बाबू, ही शेड उभी राहायला शिकली. धक्का खायला नाही शिकली."

"धक्का कोण देणार, चाचा?"

"जमीन."

मी हसलो. चांगले दात दाखवून हसलो. "इकडची जमीन असलं काही करत नाही. ते तिकडे, आसामात, बिहारात."

चाचांना राग आला नाही. "रविवारी घरी ये," एवढंच म्हणाले. "जेवायला."

जेवण उत्तम होतं. कढी खाऊन मी सुस्तावलो होतो, तेवढ्यात चाचांनी मला अंगणात नेलं. एका खाटेवर चादर पसरून पापड वाळत घातलेले. शेजारी दुसऱ्या खाटेची नुसतीच लाकडी चौकट. दोरी बदलायची म्हणून उसवलेली. चाचांनी ती चौकट कडेवर उभी केली.

"वरून दाब."

मी वरून दाबलं. काही झालं नाही.

"आता बाजूने ढकल."

मी एका बोटानं ढकललं आणि चौकट पतंगासारखी तिरकी झाली.

"तुझा कागद वरून खाली बघतो," चाचा म्हणाले. "वजन बघतो. बाजूला बघतच नाही. जमीन हलते ना साईं, ती वरून नाही मारत. बाजूने खेचते."

मग त्यांनी एक दोरी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात ताणून बांधली, दुसरी उलट दिशेनं. चौकटीवर फुली झाली. "आता ढकल."

इथे माझा डिप्लोमा जागा झाला. एका बोटानं ढकलणं मला कमीपणाचं वाटलं. मी दोन पावलं मागे गेलो आणि खांदा लावला. चौकट तिरकी झाली नाही, हे कबूल करायला हवं. ती होती तशीच, चौकोनीच्या चौकोनी, माझ्यासकट आडवी झाली आणि आम्ही दोघं पापडांवर पडलो.

चाचांच्या पत्नी, आमच्या चाची, बाहेर आल्या. सिंधीतून एक लांबलचक वाक्य बोलल्या. मला त्यातला एकही शब्द कळला नाही आणि अर्थ पूर्ण कळला.

मोडके पापड निवडता निवडता चाचांनी मला ती हकिगत सांगितली. फाळणीच्या बऱ्याच आधी ते बलुचिस्तानात, क्वेट्ट्याला, रेल्वेत लोहार होते. त्या मुलखात जमीन आधी एकदा हललेली होती, म्हणून एका जवान इंजिनियरनं रेल्वेची नवीन घरं वेगळ्या तऱ्हेनं बांधायला घेतली. जुन्या रुळांची चौकट. रूळ उभे, रूळ आडवे, सांधे घट्ट. लोक चेष्टा करायचे, की घर बांधताय की आगगाडी? चाचांनी त्या घरांचे कोपरे स्वतःच्या हातानं बसवले. मग पस्तीस साली मोठा भूकंप झाला. पहाट व्हायच्या आत सगळं शहर मातीत गेलं आणि ती रुळांची घरं उभी राहिली.

"माझी बहीण शहरात राहायची," चाचा म्हणाले. "मातीच्या विटा, वर जड छप्पर. साहेब लोकांच्या घराला मी रूळ लावले. बहिणीच्या घराला एक सळीपण नाही लावली. मनात आलं होतं, बाबू. पुढच्या महिन्यात लावू म्हटलं."

एवढं बोलून ते पुन्हा पापड निवडायला लागले. चांगले एकीकडे, तुटके दुसरीकडे. ते छपराखाली का झोपत नाहीत, हे मी विचारलं नाही. विचारायची गरज उरली नव्हती.

"ती शाळा माझ्या कॅम्पची आहे," ते शेवटी म्हणाले. "तिथे चारशे लेकरं बसणार. ती शेड मी धक्का खायला शिकवल्याशिवाय नाही देणार."

झालं. दुसऱ्या दिवशी मी बोर्डावर बसलो तो अंगात आल्यासारखा. लांबीच्या भिंतींत फुल्या, मागच्या बाजूला फुली आणि पुढच्या बाजूला, जिथे सगळ्यात मोठी मोकळी जागा दिसली तिथे, सगळ्यात मोठी फुली. इतकी मोकळी जागा तिथे कशासाठी सोडली असेल, हा प्रश्न मला पडला नाही.

साहेबांनी नकाशा बघितला. "ही रांगोळी कशासाठी?"

"धक्क्यासाठी, साहेब."

"कुणाच्या?"

"जमिनीच्या."

साहेबांनी पूड फुंकली. "असू दे तुमची हौस. लोखंड फारसं वाढत नाही." आणि सही केली. दुसऱ्याचा नकाशा न बघण्याचा रिवाज त्यांनीच घातलेला, त्यामुळे त्यांनीही बघितला नाही.

सांगाडा तयार झाला, बैलगाड्यांतून कॅम्प दोनला गेला. मोरिवलीच्या शेतकऱ्यांची एक टोळी होती, अवजड माल चढवण्यात तरबेज. त्यांच्या मुकादमानं तीन वाशांचा तिवा उभा करून, चेनपुली लावून चार दिवसांत खांब आणि छपराच्या कैच्या वर घेतल्या. चाचांच्या माणसांनी लालबुंद रिबिट ठोकून सांधे जोडले. शेवटचा रिबिट थंड झाला आणि शाळेचे मोठे मास्तर, पांढरा लेंगा, पांढरा सदरा, हातात छत्री, पाहणीला आले. ते फुलीपुढे उभे राहिले. छत्रीनं फुलीच्या मध्यावर टकटक केलं.

"साईं, दरवाजा किधर है?"

"हाच की," मी म्हणालो, आणि म्हणता म्हणता मला ठेकेदाराच्या नकाशाची न सोडलेली सुतळी आठवली.

मास्तरांनी छत्री काखेत मारून फुलीच्या खालच्या त्रिकोणात डोकं घातलं, एक पाय आत टाकला आणि तिथेच अडकले. आतून म्हणाले, "शाळा है या चिड़ियाघर? नवरदेव घोड्यावरून येणार, त्याला काय रांगत आणू?"

मोरिवलीचे बाप्ये जमिनीवर बसून हसले. मुकादमानं डोळे पुसून माझ्याकडे बघितलं. "बाबू, तुमी शिकलाव खरा, पन दारातना कंदी गेलाव नाय वाटतं!"

साहेबांना निरोप गेला. ते टांग्यातून आले, फुलीकडे एकदा बघितलं, माझ्याकडे बघितलंच नाही. "कापून टाका. आत्ताच्या आत्ता."

"आणि तिथे काय लावायचं?" मी विचारलं.

"काही नाही. वजन खांब घेतायत. वाऱ्याला बाकीच्या फुल्या पुरेत."

"पण या तोंडाला बाजूचा जोर घेणारं काहीच उरणार नाही, साहेब. धक्का आला तर पुढची बाजू पहिली झुकेल. आणि पळणारी पोरं त्याच दाराकडे येतील."

"अहो चिरंजीव," साहेब पहिल्यांदाच माझ्याकडे बघत म्हणाले, "वाऱ्याचा हिशोब नियमात आहे. जमिनीचा हिशोब फक्त तुमच्या डोक्यात आहे. आणि तुमच्या डोक्याची परीक्षा आपण सगळे आत्ता बघतोच आहोत."

चाचांनी हातातली छिन्नी खाली ठेवली, अगदी हळू, आणि फुलीला पाठ लावून उभे राहिले.

"मी नाही कापणार."

"मिस्त्री, ही चूक आहे."

"चूक आहे, साहेब. पण तिच्या जागी दुसरं काही येत नाही तोवर मी कापणार नाही. तुम्ही मला काढा. दुसरा माणूस आणा. पण माझ्या हाताने नाही. एकदा मी पुढच्या महिन्यावर टाकलं होतं."

साहेबांना त्या शेवटच्या वाक्याचा अर्थ कळला नाही. मला कळला, आणि मी काय करतोय हे कळायच्या आत चाचांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. धीट म्हणून नव्हे; पाय आपोआप गेले. आता नोकरी गेली तर बदलापूरला वडिलांना काय सांगायचं, याचा विचार डोकं नंतर करत बसलं.

साहेबांनी घड्याळ बघितलं. "परवा दुपारपर्यंत. तोवर उपाय काढा. नाही निघाला, तर मी माणूस आणतो, आणि त्यानंतर तुम्ही दोघांनी यायचं कारण नाही."

मी पहिला उपाय लगेच सुचवला: फुलीतली एकच पट्टी काढू, म्हणजे निम्मं दार मोकळं. मास्तर म्हणाले, "निम्मा नवरदेव पाहिजे का तुम्हाला?" दुसरा उपाय मी मनातच ठेवला.

चाचा दारात उकिडवे बसून बराच वेळ कोपऱ्यांकडे बघत होते. "मधे काही नको," ते म्हणाले. "मग ताकद कुठे जाणार? कोपऱ्यात. माणूस बघ. दोन पायांच्या मधे फुली असते का? गुडघा असतो. खांदा असतो."

आणि मला एकदम ऑफिसच्या कपाटातलं एक परदेशी मासिक आठवलं. त्यात अशाच कमानीवजा चौकटी होत्या. तिरक्या पट्ट्या नाहीत, पण खांब आणि तुळई यांचा सांधा असा घट्ट, की दोन्ही मिळून एकच वाकलेली वस्तू वाटावी. मी तेव्हा ते पान चित्रं बघून उलटलं होतं. आता सायकल दामटून गेलो, धूळ झटकून वाचलं, हिशोब मांडला. छपराचं जे वजन त्या चौकटीवर येतं, त्याच्या एक दशांश जोर बाजूनं खेचतो असं धरायचं. त्या काळी जाणकार तसंच धरायचे. उत्तर आलं: कोपऱ्यात बसवायची लोखंडाची तिकोनी पाटी वीतभर जाड हवी.

चाचांनी कागद बघितला. "बाबू, हा पूल आहे का?"

मी टन आणि पौंड एकत्र शिजवले होते. पुन्हा केलं. या वेळी उत्तर शहाण्यासारखं आलं. चाचांनी तरीही जाडी थोडी वाढवली. "तुझ्या हिशोबावर भरोसा आहे," म्हणाले, "म्हणूनच."

पाट्या कापल्या, दोन बाजूंनी अँगल लावले, दोन्ही कोपऱ्यांत रिबिट ठोकले. खांबांच्या पायाशीही बोल्ट वाढवले, कारण वर घट्ट आणि खाली सैल असा माणूस पहिल्या धक्क्याला पडतो, हे पुन्हा चाचांचंच. कोपरे पूर्ण झाल्यावरच त्यांनी स्वतः छिन्नी घेऊन फुलीच्या रिबिटांची डोकी उडवली. आधी कोपरे, मग फुली. हा क्रम त्यांनी कुणाला बदलू दिला नाही.

साहेब ठरल्या दुपारी आले. पाट्या बघितल्या, माझे कागद बघितले. "ज्या माणसानं दारावर फुली मारली, त्याच्या आकडेमोडीवर मी सही करू?"

"नका करू," चाचा म्हणाले. "खेचून बघा."

ही कल्पना मला आजही अफाट वाटते. जमीन हलवता येत नाही, तर शेड हलवून बघू. खांबाच्या डोक्याला जाड दोर बांधायचा आणि मोरिवलीच्या वीस जणांनी तो गल्लीच्या दिशेनं, बाजूनं, ओढायचा. तुळईला ओळंबा टांगायचा, खाली एक फरशी ठेवून तिच्यावर खडूची खूण. साहेब म्हणाले, ओळंबा खुणेपासून दोन बोटांपेक्षा जास्त सरकला किंवा परत जागेवर आला नाही, तर पाट्या निघतील आणि मग सगळ्यांनी त्यांचं ऐकायचं. चाचांनी मान डोलावली.

मुकादम कमरेवर हात ठेवून म्हणाला, "परवा आमीच उभा करवला, आन आज तुमीच पाराला सांगता? डोका ठिकानावर हाय ना तुमचा?"

"पडली तर चांगलंच," साहेब म्हणाले. "मुलं अजून आत नाहीत."

हे वाक्य मला आवडलं, खोटं कशाला बोलू. साहेबही शेवटी त्याच गोष्टीचा विचार करत होते.

दोराची गाठ मी बांधली. का, ते विचारू नका. मी इंजिनियर होतो. निम्मा कॅम्प जमला होता, पापड लाटणाऱ्या बायका, दुकानं अर्धी उघडी टाकून आलेले दुकानदार. मुकादमानं हाळी दिली, "हो हो हैशा!" आणि वीस माणसांनी अंग टाकलं. गाठ सुटली. वीसच्या वीस जण पाठीवर पडले आणि त्यांच्या मागे शास्त्रीय निरीक्षणासाठी उभा असलेला मी सगळ्यांच्या खाली. ओळंबा जागचा हलला नव्हता. मी खालून ओरडलो, "बघितलंत साहेब? केसभर नाही!" कॅम्प दोनमध्ये इतकं हसणं फाळणीनंतर पहिल्यांदा झालं असेल.

दुसरी गाठ चाचांनी बांधली. या वेळी कुणी हसलं नाही. वीस जणांनी टाचा रोवल्या, दोर ताठ झाला, कुरकुरला. सांगाड्यातून एक बारीक आवाज आला, दात चावल्यासारखा. चाचा खांबाला हात लावून उभे होते, डोळे मिटून. ओळंबा निघाला. एक बोट. सव्वा बोट. थांबला.

"सोडा!"

दोर पडला. ओळंबा झुलला, इकडे, तिकडे, आणि खडूच्या खुणेवर येऊन थांबला.

साहेबांनी वाकून ओळंब्याचं टोक आणि खूण बोटानं जुळवून बघितली. मग उठून म्हणाले, "नकाशात हे कोपरे दाखवा. सही मात्र तुमची. माझी नाही."

मी तिथेच, मास्तरांच्या पाठीवर कागद ठेवून सही केली. पुढे वर्षभर मला खिडक्यांच्या चौकटींशिवाय काही काढायला मिळालं नाही. मी काढल्या. प्रत्येकीचे कोपरे जरा जास्तच घट्ट काढले. काही वर्षांनी जमिनीच्या धक्क्याचेही सरकारी नियम छापून आले, तेव्हा ते पुस्तक मी नको तितक्या मोठ्यानं वाचलं. आणि म्हातारपणी वाचलं की परदेशात अशाच घट्ट कोपऱ्यांना भूकंपात तडे गेले, तेव्हा चाचांचा ओळंबा आठवला: नुसतं घट्ट पुरत नाही, थोडं सरकून परत यायला हवं. आमच्या हॉलला तो मोठा धक्का कधी आला नाही. लोक म्हणतात, मग तुमचे कोपरे फुकट गेले. मी म्हणतो, जाऊ देत. तसे फुकट जावेत म्हणूनच बसवले होते.

पण त्या दुपारचं एक राहिलं. गर्दी पांगली. साहेब टांग्यात चढून माझी वाट बघत होते. त्यांना मला ऑफिसात नेऊन बोलायचं होतं, आणि काय बोलायचं होतं ते मला माहीत होतं. मी चाचांना सांगायला आत गेलो. वर कैच्या चढलेल्या, अर्ध्या भागावर पत्रे बसलेले. त्या पत्र्यांच्या बरोब्बर खाली, भर उन्हातली सावली बघून, चाचांनी दोराचं वेटोळं उशाला घेतलं होतं आणि ते जमिनीवर उताणे झोपले होते. घोरत होते. चाची डबा घेऊन आलेल्या, तशाच दारात उभ्या. आत येत नव्हत्या, आवाजही देत नव्हत्या.

बाहेरून साहेबांनी हाक मारली. "चला हो! किती वेळ?"

मी दारात जाऊन तोंडावर बोट ठेवलं.

"हळू, साहेब," मी म्हणालो. "वीस वर्षांनी छपराखाली झोपलेत. उठले की येतो."